माझा रिपोर्ट सुनेच्या फोनवर

मला कॅन्सर झालाय हे आमच्या घरात सगळ्यांत आधी कळलं ते सुरेखाला, म्हणजे माझ्या सुनेला. आणि मला ते कळलं, कारण सुरेखा माझ्याशी गोड बोलायला लागली.

अठ्ठावीस वर्षं आम्ही दोघी एका घरात आहोत. मिठावरून, केरावरून, टीव्हीच्या आवाजावरून रोज एक तरी खटका उडाल्याशिवाय आम्हाला जेवण पचत नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "आमटी पानचट झालीया." आता ही म्हणणार, "मंग तुमीच करा." तर म्हणाली, "व्हय आत्या, उद्या नीट करते." आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. पण इतक्या मायेनं तिनं ते कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यापुढं शिरा ठेवला. काजू घातलेला. मी शिऱ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "किती दिवस हायेत माझं?"

तिच्या हातातला झाराच खाली पडला.

झालं होतं असं. आमच्या भरे गावात ग्रामपंचायतीत आरोग्याची कार्डं काढायचं शिबिर लागलं होतं. संगणकावरच्या मुलीनं मोबाइल नंबर विचारला. माझा मुलगा दत्ता कंपनीत असतो, त्याचा फोन दिवसभर लॉकरमध्ये. माझा बटणांचा फोन, तो कोनाड्यात चार्जिंगला लावलेला. रेशन, गॅस, शेताच्या योजना, सगळं सुरेखाच्याच फोनवर येतं. मग आम्ही घरातल्या सगळ्यांच्या कार्डाला तिचाच नंबर दिला. गावात बहुतेक घरांनी हेच केलं. प्रत्येक घरात एक फोन 'कामाचा' असतो, बाकीचे नुसते बोलायचे.

माझ्या छातीतल्या गाठीची तपासणी झाली, आणि त्यामुळं तिचा निकाल वांग्याच्या वाफ्यात उभ्या असलेल्या सुरेखाच्या हातात येऊन पडला. बिचारी दोन दिवस तो घेऊन फिरली. नवऱ्याला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. शिरा मात्र केला.

मी तिच्यावर ओरडले नाही. शिरा खाल्ला. चांगला झाला होता. आणि मग दोघी ओट्याला टेकून रडलो.

डाग

पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरबाई भेटल्या. वयानं लहान, माझ्या नजरेला तर अजून शाळेची पोरगीच वाटत होती. पण बोलणं सरळ. सगळे फोटो काढून झाल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवलं. दत्ता माझ्या उजवीकडं, सुरेखा डावीकडं.

"आजी, स्तनातली गाठ लहान आहे, काढता येईल. पण फुप्फुसात वरच्या बाजूला दोन डाग दिसताहेत. हाच आजार तिथंवर गेला असेल, तर ऑपरेशन करून उपयोग नाही, सगळा मार्गच बदलेल. डाग जुने असतील, तर पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करू. तुम्हाला पूर्वी कधी टीबी झाला होता?"

"न्हाई," मी म्हटलं. इतक्या झटकन म्हटलं, की बाईंचं पेन थांबलं.

टीबी झाला होता. एकविसाव्या वर्षी. तो ज्यांना ठाऊक होता ते तिघं, माझा नवरा, जवळच्या पौड गावचे डॉक्टर आणि तिथली माझी मावशी, आता नाहीत. म्हणजे गुपित माझ्या एकटीच्या ताब्यात होतं, असं मी धरून चालले होते.

"एखादा जुना छातीचा फोटो आहे का कुठं?" बाईंनी विचारलं. "जुन्या फोटोत हेच डाग असतील, तर प्रश्नच मिटला."

"हाय की!" दत्ता म्हणाला. "सहा वर्सामागं हिचा गुडघा बदलला तवा काढल्याला. तिकडच्या हॉस्पिटलात."

गुडघ्याच्या वेळी भूल देणाऱ्या बाईंनी फोटो बघून मला एकटीला गाठलं होतं, आणि त्यांना मी खरं सांगितलं होतं. "लिहावं तर लागेल," त्या म्हणाल्या होत्या, "पण तुमच्या परवानगीशिवाय ते कुणाला जाणार नाही." म्हणजे माझं गुपित त्या फायलीत बसलेलं होतं, डॉक्टरी अक्षरात.

इकडच्या हॉस्पिटलनं संगणकावरून तिकडं मागणी पाठवली आणि सुरेखाचा फोन वाजला. रुग्णाची संमती हवी, आलेला नंबर सांगा. म्हणजे ती फाइलही आता तिच्याच फोनवर उघडणार. सुरेखानं चष्मा लावला. मी तिच्या हातातून फोन हिसकावून घेतला.

"माहिती माझी हाय. मी देत न्हाई."

डॉक्टरबाई, दत्ता, सुरेखा, तिघंही माझ्याकडं बघत राहिली. पाळण्यातल्या पोराच्या हातात कात्री सापडावी, तसं.

एक अतिशहाणी पोरगी

त्या एकवीस वर्षांच्या पोरीची आठवण आली, की मला आधी हसू येतं आणि मग तिचा कान धरावासा वाटतो.

खोकल्यातून पदरावर रक्त आलं, तेव्हा आमच्या ह्यांनी मला सायकलवर डबलसीट घालून पौडला नेलं होतं. दवाखाना म्हणजे एक खोली. बाहेर लाकडी बाक, आत पडदा, पडद्यामागं स्टोव्हवर उकळणाऱ्या सुया. स्पिरिटचा तो वास आजही मला आवडतो, हे कुणाला सांगायची सोय नाही. कंपाउंडर औषधाच्या बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा, म्हणजे एका वेळी किती प्यायचं ते कळावं. आणि त्याचा आवाज असा, की, "मूळव्याधवाले कोन? फुडं या!" म्हटलं की रस्त्यावरची माणसंसुद्धा वळून बघायची. कुणाचं काहीच लपलेलं नव्हतं तिथं. तरी मला त्या बाकाची ओढ आहे. शेजारची बाई अंगाला अंग लावून बसायची, विचारायची, "काय हुतंय गं तुला?" आणि उत्तराआधीच उपाय सांगायची.

पण क्षय म्हटलं की ती बाई उठून दुसऱ्या टोकाला बसली असती. त्या काळात आधी ताटवाटी वेगळी व्हायची, मग अंथरूण, मग बाईची माहेरी रवानगी, आणि मग नवऱ्याला दुसरी मुलगी बघायची. डॉक्टरांना ते माहीत होतं. त्यांनी माझ्या कागदावर लिहिलं, 'अशक्तपणा'. कंपाउंडर खुशाल ओरडायचा, "अशक्तपनावाली या!" आणि मी मान वर करून जायची.

डॉक्टरांनी एकच अट घातली. खोकला थांबून थुंकी साफ येईपर्यंत पोरापासून लांब राहायचं. दत्ता तेव्हा वर्षाचा होता.

मग त्या हुशार पोरीनं डोकं चालवलं. सासरी सांगितलं, "मी पौडला मावशीकडं ऱ्हाते, शिवणक्लास लावते." ह्यांनी री ओढली. घरात, गावात गहजब झाला. वर्षाचं पोर सासूच्या पदरात टाकून ही चालली मशीन शिकायला! आणि ही महामाया मनातून खूश. लोक निर्दय म्हणाले तर चालेल, रोगट म्हणायला नकोत. अक्कल बघा.

दहा महिन्यांनी बरी होऊन परत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरपंचांची बायको ब्लाउजपीस घेऊन दारात हजर. "क्लास केलास न्हवं? शिव." मावशीकडं जुनी मशीन होती खरी, पण मी तिच्यावर फक्त पाय हलवलेले. शिवला बाई कसाबसा. दोन्ही बाह्या डाव्याच हाताच्या. त्यानंतर लाजेपोटी मी खरोखरची शिवण शिकले, आणि पुढं पंधरा वर्षं गावाचे ब्लाउज शिवले. एका खोट्याला एवढं कापड लागलं.

"तवाबी तू आपलंच खरं केलंस"

आमच्या घरात त्या शिवणक्लासची चेष्टा व्हायची. दत्ता लग्नाकार्यात पाहुण्यांना रंगवून सांगायचा, "आमची आई लई हौशी. वर्साचं पोर टाकून गेली क्लासला." सगळे हसायचे. मीही हसायची. पण सांगताना तो माझ्याकडं बघत नसे, हे मला दिसत होतं.

मी संमती दिली नाही तेव्हा घरात भांडणं सुरू झाली. दिवस जात होते. दत्ता सुट्टी टाकून गुडघ्याच्या हॉस्पिटलात स्वतः गेला. खिडकीवरच्या माणसानं त्याला सांगितलं, मुलगा असो नाहीतर आणखी कुणी, रुग्णाची संमती नसेल तर एक कागद मिळणार नाही, कायदा आहे. दत्ता पाय आपटत घरी आला.

"जन्माचा दाखला दावला, आधार दावलं. म्हनतो, ती माहिती तुमच्या आईची हाय. म्या जीव वाचवाया गेलतो का चोरी कराया?"

मला हसू फुटलं. खरं म्हणजे मला त्या अनोळखी माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पौडच्या डॉक्टरांनी माझ्यासाठी कागदावर खोटं लिहिलं होतं, ह्यानं खरं लिहिलेलं तसंच जपून ठेवलं.

"हसती!" दत्ता ओरडला. "तुला जगायचं हाय का न्हाई? का तवाबी आपलंच खरं केलंस, आन आताबी करनार? मला टाकून गेलीस तवा मला कळत न्हवतं. आता कळतंय की."

तो बाहेर निघून गेला. सुरेखा भिंतीकडं तोंड करून भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "आत्या, त्या कागदात काय हाय ते मला नका सांगू. पर त्याच्यापायी मरू नका."

दार लावून

पुढच्या वेळी डॉक्टरबाईंनी दोघांना बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"आजी, नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे. मी भाग पाडणार नाही. पण कारण मला एकटीला सांगाल?"

पन्नास वर्षांत कुणी मला असं दार लावून विचारलं नव्हतं. सांगून टाकलं. बाह्यांसकट. बाई त्या बाह्यांवर हसल्या आणि मग म्हणाल्या, "हे तुमच्या घरी कळायची काही गरज नाही. तुम्हीच ठरवायचं."

त्यांनी मला नोंदणीच्या खिडकीवर पाठवलं. तिथल्या मुलीनं जे सांगितलं, ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाया गेले नसते. म्हणून तुम्हाला सांगते. कार्डाला जोडलेला नंबर बदलता येतो. सगळी फाइल द्यायची गरज नसते, कोणते कागद द्यायचे ते निवडता येतात. किती दिवसांसाठी ते ठरवता येतं. आणि नंतर मन बदललं तर पुढचं देणं बंदही करता येतं. मी आपली समजत होते, एकदा बोट ठेवलं की सगळं गावजेवण.

मी माझा बटणांचा फोन पुढं केला. आधारला अंगठा लावला. थोड्या वेळानं फोनवर सहा आकडे आले. चष्मा सुरेखाच्या पिशवीत राहिलेला, म्हणून फोन हातभर लांब धरून मी एकेक आकडा मोठ्यानं वाचायला लागले. मुलगी खिडकीतून जवळजवळ बाहेर आली. "आजी, हळू! हा नंबर कुणाला ऐकू द्यायचा नसतो!" मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "शेवटचा सात का नऊ?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन्ही फोटो शेजारी लावून मला दाखवले. सहा वर्षांपूर्वीचे डाग आणि आत्ताचे, तसेच्या तसे. जागचे हललेले नाहीत.

"जुने व्रण आहेत. ऑपरेशन करू. बाहेर मी एवढंच सांगेन, की डाग काळजीचे नाहीत. बरोबर?"

गुपित राहिलं होतं, जीवही राहणार होता. मला याहून जास्त काय हवं होतं? पण आतून कडी लावायला मिळाली आणि त्या खोलीत बसवेना. पन्नास वर्षं मी त्या पोरीच्या खोट्याची राखण करत होते. ती तर केव्हाच बरी होऊन गेली होती.

"तुमी काई सांगू नका," मी म्हटलं. "मी सांगते."

कॅन्टीनमध्ये

"डाग टीबीचं हायेत," मी बसल्या बसल्या म्हटलं. "तू वर्साचा व्हतास तवाचं."

दत्ता चहाचा कप तसाच धरून राहिला. "पर तवा तर तू क्लासला..."

"क्लास कुटला? पौडात तवा शिवणक्लास व्हता का, इचार कुनालाबी."

सुरेखानं तोंडावर हात घेतला. "तरीच! तरीच त्या सरपंचीनबाईंचा ब्लाउज..." आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

दत्ता हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "मंग धा महिनं तू मला बघितलंच न्हाईस?"

"बघितलं की. दर बाजारच्या दिवशी." आणि मग मी त्याला सांगितलं, जे मी स्वतःशीसुद्धा फारसं बोलले नव्हते. त्याचे वडील त्याला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून पौडला आणायचे. मावशीच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडं उभे राहायचे. मी खिडकीत. मध्ये रस्ता. त्याच्या डोक्यावर पिवळं टोपडं असायचं. कधी तो झोपलेला असायचा, कधी गुळाचा खडा चोखत असायचा. हाक मारायची नाही, असं आमचं ठरलं होतं. मी हाक मारली असती, तर त्यानं हात पसरले असते, रडला असता, आणि लोकांनी विचारलं असतं, आई समोर असून पोराला घेत का नाही?

"किती येळ?" दत्तानं विचारलं.

"ह्यांची बिडी संपंस्तवर."

तो उठला. म्हणाला, "चहा आणतो." समोर तीन कप भरलेले होते. गेला आणि पाच-दहा मिनिटांनी रिकाम्या हातानं परत आला. डोळे धुतलेले होते.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशनबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, मी झोपले होते. भीती वाटली ती त्याच्या आधी, केसांवर ती प्लास्टिकची टोपी घातली तेव्हा. आरशात बघितलं आणि वाटलं, आता आपण कुणीच नाही, एक खाट आहोत. मग वॉर्डातल्या मावशीनं माझी कानातली फुलं काढून पुडीत बांधली आणि म्हणाली, "माझ्याकडं हायेत बरं का, आई. परत मीच घालनार." तेवढ्यावर मी गेले आत.

कायदा कागदांना फार जपतो, पण वॉर्डात दोन खाटांमध्ये नुसता पडदा असतो. पलीकडच्या बाईंना चार दिवस शौचाला झालं नाही, हे मला त्यांच्या सुनेआधी कळलं. पाचव्या दिवशी झालं तेव्हा मी इकडून टाळ्या वाजवल्या. त्या पडद्याआडून म्हणाल्या, "कोन गं ती द्वाड?" तिथून आमची मैत्री झाली. तिच्यात मला पौडचा बाक परत मिळाला.

रात्रीची झोप, तोंडाची चव, एका बाजूचं हलकेपण, हा आजार झाला तर हे सगळं तुम्हालाही होईल. होतं. सुरेखा पाठ पुसताना एकदा त्या बाजूला थबकली. मी म्हटलं, "बघ नीट. आता तुलाच माप घ्यायचंय, ब्लाउज एका बाजूनं आत घ्यावा लागंल." ती म्हणाली, "बाह्या मात्र मी शिवनार." आमचं भांडण पुन्हा सुरू झालं, तेव्हा मला कळलं, की मी वाचले.

पौडचा रस्ता

टाके काढून घरी निघालो. मी पुढं बसलेले, सुरेखा मागं. घोटवडे फाट्यावर गाडी भऱ्याकडं वळायला हवी होती. दत्तानं ती सरळ काढली.

"अरं, कुटं?"

"गप बस जरा."

पौडात आलो, पण मावशीचं घर कुठं होतं ते मला सांगता येईना. सगळीकडं सिमेंट, फलक, दुकानं. दोनदा पुढं गेलो, दोनदा मागं आलो. शेवटी एका जुन्या चिंचेवरून अंदाज बांधला. घर होतं तिथं आता मोबाइलचं दुकान आहे.

माझी खिडकी रस्त्याकडं येईल अशी दत्तानं गाडी दुकानाला लावून उभी केली. माझ्या बाजूची काच खाली घेतली. उतरला आणि रस्ता ओलांडून पलीकडं जाऊन उभा राहिला.

बावन्न वर्षांचा माणूस. पोट सुटलेलं, डोक्यावर केस नाहीत, कंपनीचा शर्ट. हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून मागं बांधलेले. मधून डंपर जात होता, एसटी जात होती, तो दिसत होता आणि दिसेनासा होत होता. तो माझ्याकडं बघत होता. सरळ.

मी बघत राहिले. बिडी संपायला लागतो तेवढा वेळ होऊन गेला.

मग मी खिडकीबाहेर डोकं काढलं. ऑपरेशनच्या बाजूचा हात वर जात नव्हता, म्हणून दुसरा उचलला, आणि भर रस्त्यात जेवढा होता तेवढा आवाज लावला.

"दत्ताऽऽ! ये रं हिकडं!"

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. बघू देत.